चित्र संपलं, आवाज उरला

तानाबाईला राग सहजासहजी येत नसे. आला की मात्र तो पाहुण्यासारखा दोन दिवस राहून जात नसे, घरातलाच एक होऊन बसायचा. हातकणंगल्याला तिच्या भावाच्या पोरीच्या लग्नात तिच्या नवऱ्याला मागच्या पंगतीला बसवलं होतं. नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली, त्या भाचीची पोरं शाळेत जायला लागली, पण तानाबाई भावाकडं निघाली की पाण्याची बाटली घरनं भरून न्यायची. भावाच्या सोप्यात बसून, त्याच्याच तोंडासमोर, घोट घोट प्यायची. भांडण नाही, अबोला नाही. "कसा हाईस रं दादा, गुडघं काय म्हणत्यात?" सगळं गोडच. फक्त पाणी आपलं. बहीण येणार म्हटलं की भावाला आधीच घाम फुटायचा.

अशा बाईच्या वाटेला जायचं म्हणजे विचार करून जायला पाहिजे होतं. बाळासोनं तो केला नाही.

शिवाजी पेठेच्या टोकाला एक दगडी कट्टा आहे. सकाळ-संध्याकाळ तिथं म्हशी येऊन उभ्या राहतात आणि त्यांच्यापुढं माणसं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेसासकट पेला भरून द्यायचा, त्यानं तिथंच उभ्या-उभ्या प्यायचा आणि मिशी पुसत कामाला जायचं. पिशवीतलं दूध कोल्हापूरच्या माणसाला चहाला चालतं, प्यायला नाही. तानाबाई आपली मैना घेऊन त्या कट्ट्यावर उभी राहायची. मैना काळीभोर, मागं वळलेल्या शिंगांची, आणि स्वभावानं मालकिणीहून पुष्कळ गरीब. नवरा होता तेव्हा धार तो काढायचा आणि तानाबाई शेणघाण करायची. तो गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती चरवी घेऊन कट्ट्यावर बसली. बाई धार काढते म्हणून चार जण हसले. त्या चौघांना तिनं पुढं कधीही फेसाचा पेला दिला नाही, फेस खाली बसेपर्यंत मुद्दाम थांबायची.

पहिला पेला आण्णांचा. आण्णा म्हणजे पेठेतले जुने फुटबॉल खेळाडू, तानाबाईच्या नवऱ्याचे जिवलग. आता केस पांढरे झाले होते, पण चालताना अजून पायात बॉल असल्यासारखे चालायचे. मागं त्यांचा पाय मोडला तेव्हा तानाबाई रोज त्यांच्या माडीवर चरवी घेऊन जायची. आण्णांनी पेला तोंडाला लावला, "आहा" म्हटलं, की मगच बाकीच्यांना. कट्ट्यावर हा रिवाजच पडून गेला होता.

तानाबाईच्या शेजारी बाळासोच्या म्हशी उभ्या राहायच्या. बाळासो गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष. म्हशी त्याच्याही वाईट नव्हत्या, पण तो धार काढता काढता फोन बघायचा आणि म्हशीला ते कळतं. ती दूध चोरून धरते. त्यामुळं व्हायचं काय, की मैनेपुढं माणसांची रांग आणि बाळासोपुढं तीन-चार जण, तेही घाईतले.

गणपती उठले आणि एका सकाळी गल्लीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. बाळासोनं टाकलेला. चिमूटभर लांबीचा. त्यात तानाबाई पाठमोरी उकिडवी बसलेली, पुढं चरवी, चरवीच्या काठाला फेस. ती शेजारचा तांब्या उचलते आणि चरवीत पाणी ओतते. तांब्या उलटा झाला की व्हिडिओ संपला. खाली बाळासोनं लिहिलं होतं, "पेठेतलं ताजं दूध, नीट बघून प्या."

खरी गोष्ट एवढीच होती, की शेवटचा पेला देऊन झाला होता. चरवीत उरला होता तो नुसता फेस. तिनं पाणी ओतलं, चरवी गोल फिरवून हिसळली आणि पाणी रस्त्याच्या कडेला फेकून दिलं. रोज करायची. कट्ट्यावरचे सगळेच करतात. पण फेकलेलं व्हिडिओत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुणी भांडायला आलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, तानाबाईला उत्तर देता आलं असतं. माणसं नुसती मैनेसमोरनं पुढं गेली आणि बाळासोपुढं उभी राहिली. आण्णाही आले. तानाबाईनं सवयीनं पहिला पेला भरून पुढं केला. आण्णांनी आभाळाकडं बघितलं, जणू तिथं कुणी ओळखीचं भेटलंय, आणि तसेच बाळासोकडं गेले. भरलेला पेला तानाबाईच्या हातात राहिला. फेस हळूहळू खाली बसला.

आला तो एकटा सिकंदर. लग्नामुंजीला, मिरवणुकीला स्पीकरच्या पेट्या लावायचा त्याचा धंदा.

"वहिनी, माझा पेला," तो म्हणाला.

"व्हिडिओ बघिटला न्हाईसा व्हय?"

"बघिटला की."

"मग?"

"मग काय? इतकी वर्सं पितोय, पोटाला कळत न्हाय व्हय पाणी कुठलं आन् दूध कुठलं? द्या."

तानाबाईनं त्याला पेला दिला आणि चरवी तशीच घेऊन बाळासोसमोर जाऊन उभी राहिली. "बाळासो, पाणी वतल्यालं दावलंस. फेकल्यालं का न्हाय दावलंस?"

"काकी, मी कुठं काय म्हणतोय?" बाळासो फोनातनं मान वर न काढता म्हणाला. "व्हिडिओ बोलतोय."

"त्याला तोंड हाय व्हय?"

"सगळ्या पेठंनं बघिटलंय, आता तुमी सांगून काय उपेग?" रांगेतले दोघं-तिघं हसले. आण्णा हसले नाहीत, पण पेल्यात तोंड घालून जरा जास्तच वेळ पीत राहिले.

दुधाच्या धंद्यात बाईला दुसरं काही म्हणा. तोंडाळ म्हणा, कंजूष म्हणा. दुधात पाणी घालते म्हटलं की झालं. ते कट्ट्यावरनं घरी येतं, घरातनं नातेवाइकांत जातं आणि माणूस मेल्यावरही त्याच्या नावामागं राहतं. तानाबाईच्या घरात आता दुधाचं दही, दह्याचं ताक, ताकाची कढी असा कारभार चालू झाला. तिचा पोरगा ऋतुराज एमआयडीसीत कामाला होता, त्याच्या डब्यात भाजीपेक्षा ताकाची बाटली मोठी दिसायला लागली.

ऋतुराजची बायको अनुजा. माहेर आजऱ्याचं. पोरगी हुशार, बोलायला तिखट, सासूला आत्ती म्हणायची आणि आत्तीच्या रागाला भीत नसे, म्हणून दोघींचं बरं जमायचं. अनुजा घरीच बसून पुण्याच्या एका क्लासचं काम करायची. त्या क्लासचे मास्तर शिकवतानाचे व्हिडिओ पाठवायचे, ढिगानं. प्रत्येकाच्या नावापुढं तो किती लांबीचा आहे हे लिहायला लागायचं, म्हणजे पोरांना कळतं, की जेवणाआधी बघायचा का नंतर. आता एवढे व्हिडिओ एकेक लावून बघत बसलं तर जन्म जायचा. म्हणून अनुजानं कॉम्प्युटरला चार ओळींचा हुकूम लिहून ठेवला होता. कोड म्हणतात त्याला. ह्या खणातली एकेक फाईल उघड, आत काय शिकवलंय ते बघू नकोस, फक्त तिची लांबी मला सांग आणि पुढं जा. की कॉम्प्युटर भराभरा सांगत सुटायचा.

तानाबाईनं एकदा विचारलं होतं, "न बघता त्याला लांबी कशी कळती गं?"

"आत्ती, व्हिडिओ म्हंजे नुसतं फोटो असत्यात. एकावर एक लावल्यालं. एका सेकंदाला पंचवीस-तीस फोटो. सगळं फोटो मोजायचं आन् त्येनं भागायचं. झाली लांबी."

"आन् आवाज?"

"त्यो निराळा. चित्राची एक दोरी, आवाजाची एक दोरी, दोनी एकाच फायलीत बांधल्याल्या. पयल्यांदा मी नुसती चित्राचीच लांबी इचारत हुतो. तर एका मास्तरनं तक्रार केली, की माझं चित्र मधीच अडकलंय, पर मी बोलतोय अजून. तवापास्नं दोन्ही दोऱ्या मोजून घेतो. लहान-मोठ्या निघाल्या की कॉम्प्युटर लाल ओळ दावतो."

तानाबाईला दोरीचं पटलं. म्हशीच्या दोऱ्याही ती अशाच मोजून घ्यायची.

व्हिडिओ पसरून आठवडा झाला असेल. दुपारची वेळ. अनुजानं क्लासच्या फायली खणात उतरवल्या आणि हुकूम सोडला. पण गल्लीचा ग्रुपही तिनं त्याच कॉम्प्युटरवर उघडला होता, आणि त्यातली बाळासोची फाईल आपोआप त्याच खणात येऊन पडली होती. कॉम्प्युटरला कोण मास्तर आणि कोण बाळासो, त्याला सगळे सारखेच. त्यानं तीही मोजली आणि लाल ओळ दाखवली. चित्र आठ सेकंदांचं. आवाज अर्ध्या मिनिटाचा.

"आत्ती! जरा हिकडं या."

"हात शेणाचं हाईत."

"आसूंद्यात. तशाच या."

तानाबाई दारातच उभी राहिली, दोन्ही हात अंगापासनं लांब धरून. अनुजा सांगायला लागली, की बाळासोनं कापाकापी केलीय खरी, पण चित्र कापलंय आणि आवाज कापायचा राहिलाय. क्लासच्या व्हिडिओत चित्र अडकलं तरी आवाज चालू राहायचा, पण फोनवर ग्रुपात चित्र संपलं की व्हिडिओच थांबतो, म्हणून पुढचं कुणाच्या कानावर आलं नाही.

"पुढं काय हाय?"

"आयकूया की."

अनुजानं नुसता आवाज लावला. आधी पाण्याची ओळखीची धार, चरवीत. मग चरवी हिसळल्याचा खळखळाट. आणि मग, अगदी स्वच्छ, दगडावर पाणी पडल्याचा फळ्ळकन आवाज. अनुजानं टाळी वाजवली. तानाबाईनं शेणाचा हात वर करून तिला गप्प केलं, कारण अजून आवाज संपला नव्हता. कुणीतरी बोलत होतं.

"आरं बाळासो, फेकलं की तिनं. चरवी हिसळत हुती ती."

आण्णा होते ते.

"तेवढं काढून टाकतो," बाळासो म्हणाला. "तुमी आपलं काय बघिटलं न्हाय, आण्णा. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीचा नारळ तुमच्या हातनं. फेटा-बिटा बांधून."

 मग आण्णांचं बारीक हसणं. "बघ म्हंजे. माईकवरनं नाव घे माझं. मोठ्यानं."

अनुजानं सासूच्या तोंडाकडं बघितलं आणि तिची टाळी जिरली. तानाबाई उंबऱ्यावर बसली. शेणाचे हात मांडीवर ठेवले हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

"परत लाव," ती म्हणाली.

अनुजानं परत लावला. पाण्यापर्यंत आल्यावर तानाबाई म्हणाली, "ते नको. त्येच्या फुडचं." आणि आण्णांचं हसणं तिनं कितीदा ऐकलं याला मोजदाद नाही. बाळासोवर आधीच राग होता, तो काही वाढला नाही. वैऱ्यानं वैऱ्यासारखं वागलं, त्यात काय? पण त्या दुसऱ्या माणसाच्या माडीवर तिनं चरवी चढवली होती. नवऱ्याला खांदा त्यानंच दिला होता. आणि त्यानं तिचं नाव विकलं ते एका फेट्यापायी.

"ह्ये आत्ताच ग्रुपवर टाकतो मी," अनुजा म्हणाली.

"न्हाय."

"अवो का?"

"ग्रुपवर टाकलं तर ज्येनं-त्येनं घरात बसून आयकल. मला तोंडं दिसाय पायजेत त्येंची. पाडव्याला."

"आत्ती, पाडव्याला महिना हाय अजून! तवर लोक आपल्याला पाणीवाली म्हणणार?"

"म्हणूंद्यात. जितकं म्हणतील तितकं त्येंच्याच अंगावर येईल."

अनुजानं पुष्कळ सांगून बघितलं. आजऱ्याहून तिच्या आईचा फोन आला, आवाज खाली करून विचारत होती, "तुमच्यात खरंच पाणी घालत्यात व्हय गं?" अनुजा रडकुंडीला आली. "तुमचा सूड हुईल, पर माझ्या म्हायेरात माझं तोंड काळं झालंय, त्येचं काय?"

"तुझ्या आईला म्हणावं दिवाळीला ये," तानाबाई म्हणाली. "बसायला खुर्ची देतो. म्होरली."

तो महिना तानाबाई इतकी गोड वागली, की ओळखणाऱ्यांना भीती वाटायला पाहिजे होती. रोज मैनेला घेऊन कट्ट्यावर जायची, सिकंदरला पेला द्यायची, बाकीचं दूध घरी आणायची. बाळासोला हाक मारून विचारायची, "काय रं, पाडव्याची तयारी कुठवर आली? मंडप मोठा घाल हं, माणूस लई यील." बाळासोला वाटलं म्हातारी नमली. आण्णा दिसले की म्हणायची, "आण्णा, फेटा कुठल्या रंगाचा घेतलासा? भगवा शोभल तुमाला. जरा घट्ट बांधा, सुटाय नको गर्दीत." आण्णा हूं हूं करून पुढं सटकायचे. दिवसेंदिवस त्यांच्या पायातला बॉल जरा जडच होत चालला होता.

दसरा झाल्यावर ती सिकंदरच्या दुकानात गेली. अनुजाला बरोबर घेऊन. सिकंदरनं कानाला लावून सगळं ऐकलं. आधी हसला, मग आण्णांचा आवाज आल्यावर हसायचा थांबला.

"पाडव्याला तुमच्याच पेट्या न्हवं?" तानाबाईनं विचारलं.

"माझ्याच."

"ह्ये वाजवायचं. मी माईक हातात घेतला की. बाळासो परत तुमाला काम देणार न्हाय, त्ये आधीच सांगतो."

सिकंदरनं जरा विचार केला. मंडळाची सगळी कामं त्याच्याकडंच होती. मग तो म्हणाला, "वहिनी, मंडळ पेट्या भाड्यानं नेतंय. सिकंदरला न्हाय. द्या हिकडं."

पाडवा उजाडला. त्या दिवशी कोल्हापुरात म्हशींचा थाट नवरीसारखा असतो. शिंगं रंगवलेली, शिंगांवर मोरपिसं, गळ्यात कवड्यांचे पट्टे, पाठीवर केस कापून काढलेली नावं. मालक मोटारसायकलीचा सायलेन्सर काढून पुढं सुसाट निघतो आणि त्याची म्हैस त्याच्या मागं धावत येते, गर्दीला न बुजता. ज्याची म्हैस मालकाला सोडत नाही तो छाती काढून फिरतो. रस्ताभर धूर, हलगी आणि गुलाल. मंडपात बाळासो माईक घेऊन उभा होता आणि शेजारच्या खुर्चीत आण्णा. फेटा भगवाच होता. नारळ फुटला, बाळासोनं त्यांचं नाव घेतलं, मोठ्यानं, आणि आण्णांनी हात जोडले.

मग म्हशी यायला लागल्या. प्रत्येकीचं नाव माईकवरनं, मालकाला हार, मालकाचे दोन शब्द. तानाबाईकडं मोटारसायकल नव्हती. अनुजा स्कूटीवर पुढं निघाली आणि मैना तिच्या मागं, शिंगांवरची पिसं हलवत, अशी धावली की बायकांनी शिट्ट्या घातल्या. अनुजाची आई पुढच्या खुर्चीत होती. आजऱ्याची बाई, म्हैस स्कूटीमागं पळताना तिनं जन्मात पहिल्यांदा बघितली.

"आन् ही आली मैना!" बाळासो माईकवर ओरडला. "मागं टँकर हाय का बघा रं पाण्याचा!"

मंडप हसला. तानाबाईही हसली. चरवी काखेत घेऊन ती वर चढली आणि माईक घेतला.

"मी काय बोलणार? शाळेत गेल्याली न्हाय. बाळासो मला म्हणला, व्हिडिओ बोलतोय. तर म्हटलं त्यालाच बोलूंद्या. पयलं तुमी बघिटलंय. आता ऱ्हायल्यालं आयका."

सिकंदरनं कळ दाबली. पेठेतल्या सगळ्या पेट्यांतनं एकदम पाणी ओतलं गेलं, चरवी हिसळली गेली आणि पाणी फळ्ळ करून दगडावर पडलं. मग आण्णा बोलले, मग बाळासो, मग फेट्याचं, मग ते हसणं. एक-एक मोटारसायकल बंद होत गेली.

"खोटं हाय ह्ये!" बाळासोनं माईक ओढला. "आजकाल काय बी बनवत्यात कॉम्प्युटरवर, कुणाचा बी आवाज काढत्यात! हिची सून त्येच करती घरात बसून!"

आणि मंडपात चुळबूळ झाली. खरंच बनवतात की असलं, फोनवर सगळ्यांनी बघितलं होतं. अनुजा खालनं ओरडली, "फाईल तुमचीच हाय, बाळासोदादा! ग्रुपवर अजून तशीच पडलीया! चित्र आठ सेकंद, आवाज अर्धं मिनिट, कुणी बी मोजून बघा!" पण गर्दीत कोण मोजणार? माणसं बाळासोकडं बघत होती, तानाबाईकडं बघत होती आणि डाव हातातनं निसटतोय हे तानाबाईला कळलं.

मग तिनं बाळासोचा नादच सोडला. वळली आणि आण्णांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"आण्णा, सून माझी हुशार हाय, पर तिनं तुमचं हसणं कुठनं आणलं आसंल?"

आण्णा फेट्याचा शेव चाचपत राहिले.

"तुमच्या दोस्ताच्या बायकुला सगळी पेठ पाणीवाली म्हणती. तुमी न्हाय म्हणा, मी उतरतो खाली. मैनेला घेऊन जातो घरला, आन् परत कट्ट्यावर येत न्हाय. तुमच्या तोंडानं म्हणा फकस्त. ह्यो आवाज तुमचा न्हाय म्हणून."

बाळासो कानाशी लागला होता, "म्हणा की आण्णा, म्हणा की." आण्णांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा खाली पसरलेल्या तोंडांकडं. ज्या पेठेनं त्यांना खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, तीच होती ती.

"आवाज माझाच हाय," ते म्हणाले. माईक लांब होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तिनं पाणी फेकल्यालं मी बघिटलं." आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. घट्ट बांधला होता, निघायला वेळ लागला.

पुढं जे झालं त्यात तानाबाईला ओरडावं लागलं नाही, गल्लीच ओरडली. बाळासोचा चेहरा गुलालाखालीही पांढरा दिसत होता. "काकी, चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकल्यालं घिऊन मी काय करू?" तानाबाईनं काखेतली चरवी त्याच्या हातात दिली. कोपऱ्यातल्या पिंपाकडं बोट दाखवलं. "हिसळ."

"आं?"

"तांब्याभर पाणी घाल, हिसळ, आन् बाहीर फेक. मी रोज करतो तसं. अनुजा, धर गं फोन. आन् मधी कापू नको."

अध्यक्षांनी हारासकट वाकून चरवी हिसळली. घाईत पाणी स्वतःच्याच पायावर ओतून घेतलं, तर तानाबाई म्हणाली, "न्हाय न्हाय, नीट न्हाय झालं. परत." दुसऱ्यांदा त्यानं व्यवस्थित फेकलं. तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पार आजऱ्यापर्यंत पोचला, अनुजाच्या आईनंच पोचवला. तानाबाईनं रात्रीच्या जेवणाला सुनेला विचारून घेतलं, की ह्याच्या दोन्ही दोऱ्या सारख्या हाईत न्हवं? सारख्याच होत्या. मग ती पुरणपोळी पोटभर जेवली.

मंडळाला नवा अध्यक्ष मिळाला. बाळासोनं म्हशी दुसऱ्या कट्ट्यावर नेल्या, तिथंही फोन बघतोच म्हणतात. मैनेपुढं रांग पहिल्यापेक्षा लांब झाली. व्हिडिओवर हसलेले सगळे पेला पुढं करून उभे राहिले आणि तानाबाईनं त्यांना दूध दिलं. फेस मात्र सिकंदरला.

आण्णा चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि पूर्वीसारखे पुढं न येता रांगेत मागं उभे राहिले, सगळ्यांच्या शेवटी. रांग सरकत सरकत त्यांचा नंबर आला. तानाबाईनं मैनेच्या कासेवरनं हात काढून घेतला, चरवी पालथी केली.

"संपलं, आण्णा."

आण्णांनी मान हलवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. परत शेवटी. परत संपलं. तिसऱ्या दिवशी तसंच. कट्ट्यावरच्या सगळ्यांना दिसत होतं, की मैनेच्या कासेत दूध आहे. मैनाही मागं वळून बघायची, पाय आपटायची, हे काय अर्धवट म्हणून. म्हशीचं आंग दुखायला नको, म्हणून घरी गेल्यावर तानाबाई ते उरलेलं दूध काढायची आणि अनुजापुढं ठेवायची.

"आण्णांचं हाय ह्ये," अनुजा म्हणायची. "माझ्या घशाखाली उतरत न्हाय."

"उतरतंय की. गाल बघ आरशात."

"आत्ती, त्यांनी खरं सांगितलं की शेवटी. त्यांनी तोंड उघाडलं न्हसतं तर आपण हारलो हुतो."

"व्हय. म्हणून तर रांगंत हुबं ऱ्हाऊंदी म्हटलंय."

"किती दिवस आता?"

तानाबाईनं पेंडीचं घमेलं उचललं. "बघू. त्येंच्या पायाचं बळ आधी सरतंय का माझं मन आधी भरतंय."

थंडी पडायला लागली. सकाळी कट्ट्यावर मैनेच्या पाठीतनं वाफ निघायची आणि माणसं पेले दोन्ही हातांत धरायची. आण्णा कानाला मफलर गुंडाळून यायचे. एका सकाळी ते आले तेव्हा रांग संपलीच होती, मागं-पुढं कुणी नव्हतं. तानाबाई चरवी घेऊन बसलेली आणि कासेला हात लागलेला. धार चालू होती. आण्णांना ती दिसत होती आणि दिसते हे तानाबाईला कळत होतं.

आण्णांनी घरनं आणलेला रिकामा पेला पुढं केला नाही, विचारलंही नाही. नुसते उभे राहिले. तानाबाईनं धार पुरी केली, चरवी उचलली, आणि पदरानं झाकून काखेत घेतली.

"संपलं," ती म्हणाली.

"बरं," आण्णा म्हणाले. पेला खिशात ठेवला. "उद्या येतो."

"या की," तानाबाई म्हणाली, आणि मैनेची दोरी सोडायला वाकली.